पोटापाण्याचं लिहिता लिहिता स्वतःचं लिखाण पुन्हा सुरू करायचं असेल तर

गावात राहून लेखणीवर घर चालवणारे आता आपल्याकडे बरेच झालेत. कुणी बियाण्यांच्या माहितीपत्रकांचे अनुवाद करतं, कुणी यूट्यूब चॅनेलसाठी संहिता लिहितं, कुणी संस्थांचे अहवाल, तर कुणी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकांचे संवाद. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि यातलं जवळजवळ सगळं करतो. ही कामं वाढली की एक गोष्ट हमखास घडते. ज्या लिखाणाच्या ओढीनं आपण या वाटेला लागलो, ते कुणी न मागितलेलं, आपलं स्वतःचं लिखाण थांबतं. ते परत कसं सुरू करायचं, याची ही वाट लिहून ठेवतो आहे.

वेळ मिळत नाही, असं सगळेच सांगतात. ते खरंही आहे, पण वेळेचा प्रश्न सुटतो. त्याहून अवघड गोष्ट पुढे असते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या तोंडी शोभेल असं लिहिल्यावर आपलं वाक्य आपल्याला सापडत नाही. वही उघडली तरी हातातून माहितीपत्रकच उतरतं. म्हणून खाली पायरी ४ ला मी सर्वांत जास्त जागा दिली आहे. घाईत असाल तर थेट तिथं जा, पण पायरी २ सोडू नका.

सुरुवातीला एवढं जवळ असू द्या:

- खिशात मावेल अशी एक वही आणि घरी ठेवायची एक मोठी वही
- मराठी युनिकोड कीबोर्ड असलेला फोन, असल्यास संगणक
- जुन्या फायली, छापून आलेली कात्रणं, हस्तलिखितं
- ग्राहकांशी झालेले करार. करार नसतील तर कामाचे ईमेल आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश
- पॅन कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान
- शंभरेक शब्दांत स्वतःचा परिचय आणि एक साधा फोटो

शेवटच्या दोन गोष्टी पायरी ७ पर्यंत लागत नाहीत. पण संपादकाचा फोन येतो तेव्हा त्या संध्याकाळपर्यंतच हव्या असतात, म्हणून आधीच करून ठेवा.

१. वर्ष कागदावर मांडा

एक मोठा कागद घ्या आणि जून ते मे असे बारा रकाने पाडा. जानेवारीपासून मांडलं तर कागद खोटा निघतो, कारण आपल्याकडे वर्ष मृगापासून सुरू होतं आणि लिखाणाची कामंही त्याच अंगानं येतात. प्रत्येक रकान्यात तीन गोष्टी लिहा: शेतीचं काम, पैशाचं लिखाण, घरचे सण-लग्नं.

धानपट्ट्यातल्या लेखकाचा कागद साधारण असा दिसेल. जूनमध्ये पऱ्हे (धानाची रोपं) टाकायचे, जुलै-ऑगस्टमध्ये त्यांची रोवणी. नेमकं याच दिवसांत दिवाळी अंकांच्या संपादकांना लेख हवे असतात. या नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाच्या नाट्यमंडळांनाही नव्या संहिता तेव्हाच लागतात, कारण दिवाळीआधी तालमी उभ्या राहायच्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि बांधणी, मग चुरणी (मळणी). भाऊबीजेपासून मंडया (गावोगावच्या जत्रा), पुढे शंकरपट (बैलांच्या शर्यती), आणि नाटकं थेट होळीपर्यंत. संवाद लिहिणाऱ्याचा फोन तर प्रयोग सुरू झाल्यावरही वाजत राहतो. एखादा प्रवेश लांबतो, एखादा विनोद पडतो, नव्या कलाकाराच्या तोंडात ओळ बसत नाही.

हा कागद समोर ठेवला की दिसतं, की १ जानेवारीला केलेला लेखनाचा संकल्प आपल्या भागात का टिकत नाही. तो नाटकांच्या ऐन हंगामात केलेला असतो. झाडीपट्टीतल्या लेखकाला लांब पल्ल्याचं काही लिहायचं असेल तर त्याची खरी जागा होळी ते मृग. कपाशीच्या पट्ट्यात, वर्धा-यवतमाळकडे, उलंगवाडीनंतरचे (कापसाची वेचणी संपल्यावरचे) दिवस तसेच असतात. फक्त ऊन लक्षात घ्या. ब्रह्मपुरीचं नाव एप्रिल-मेमध्ये राज्यातल्या सर्वांत तापलेल्या गावांत वारंवार येतं आणि पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत दुपार लिखाणाच्या हिशेबात धरायचीच नाही.

कागदावर दोन रंग वापरा. होळी ते मृग या रकान्यांवर ‘लेख’ आणि उरलेल्या महिन्यांवर ‘फक्त नोंदी’ असं लिहा. बारा महिने सारख्या जोमानं लिहायचं ठरवणारे पहिल्या रोवणीतच थांबतात.

२. कोणतं लिखाण तुमचं आहे, ते तपासा

स्वतःचं लिहायला घेतलं की जुन्या कामातलं काहीतरी वापरावंसं वाटतं. अहवालासाठी गावोगाव फिरताना मिळालेली एखादी हकिकत असते, नाटकातून गाळलेला एखादा प्रवेश असतो. त्याआधी हक्कांचं बघून घ्या.

आपल्याकडे यासाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यातल्या चार गोष्टी फ्रीलान्स लेखकाला पाठ असायला हव्यात.

पहिली. तुम्ही नोकरीत नसाल आणि स्वतंत्रपणे लेखन करून दिलं असेल, तर लेखी हस्तांतर होईपर्यंत त्या लेखनाचे पहिले मालक तुम्हीच. नुसते पैसे मिळाले म्हणून हक्क आपोआप समोरच्याकडे जात नाहीत. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्याचं गणित वेगळं असतं.

दुसरी. हक्क द्यायचे असतील तर ते लेखी आणि तुमच्या सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतर भारतापुरतं मानलं जातं.

तिसरी. हक्क घेणाऱ्यानं एका वर्षाच्या आत ते वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते हस्तांतर संपुष्टात येतं. पडून राहिलेल्या संहितांसाठी हे कलम फार कामाचं आहे.

चौथी. हक्क विकले तरी लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा तुमचा अधिकार कायद्यानं राखलेला आहे.

आता फायली काढा आणि प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण करा: माझं, त्यांचं, विचारावं लागेल. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असं जिथं लिहिलंय, ते ‘त्यांचं’मध्ये टाका आणि विषय सोडा. अनुवाद असेल तर मूळ लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी असल्याशिवाय तो स्वतःच्या नावानं छापायला देऊ नका. दुसऱ्याच्या नावानं लिहून दिलेलं असेल तर त्याला हातच लावू नका. तिथं शब्द दिलेला असतो.

नाटकवाल्यांशी पुढचा व्यवहार करताना एक ओळ आधीच लिहून घ्या: मानधन एकरकमी की प्रयोगागणिक, आणि संहिता छापण्याचा हक्क कुणाचा. तालमीच्या धांदलीत हे कुणी विचारत नाही, आणि नंतर विचारलं की मन दुखावतं.

३. जुनं लिखाण एका ठिकाणी आणा

या पायरीला एक आठवडा द्या, त्याहून जास्त नको. हेतू एवढाच, की तुम्ही आधी काय आणि कसं लिहीत होता ते डोळ्यांसमोर यावं.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं टंकलेखन बहुधा कृतिदेव, श्रीलिपी किंवा आकृती अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल. आज ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. ती बिघडलेली नसते. जुना फॉन्ट टाकला तर मजकूर दिसतो आणि फॉन्ट बदलणाऱ्या मोफत साधनांनी युनिकोडमध्येही येतो. त्यानंतर डोळ्यांखालून घालताना रफार, ‘श्र’, ‘क्ष’ आणि ऱ्हस्व वेलांटी या चार ठिकाणी नीट बघा, कारण चुका तिथंच होतात. सर्वांत जास्त मार खातो तो ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मधला ‘ऱ’. पऱ्हे, पऱ्हाटी, शेतकऱ्याचा, धुऱ्यावर. आपल्या लिखाणात तो पावलोपावली लागतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो, मग हलंत, मग ‘य’ किंवा ‘ह’.

हातानं लिहिलेलं असेल तर फोनच्या मराठी व्हॉइस टायपिंगला वाचून दाखवा. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात आणि बोलीतले शब्द तो प्रमाण करून टाकतो, ते परत दुरुस्त करावे लागतात. तरीही टंकायला बसण्यापेक्षा लवकर होतं, आणि आपलं जुनं लिखाण मोठ्यानं वाचलं जातं, हा मोठा फायदा.

फायलींची नावं तारखेनं सुरू करा. एक प्रत फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक स्वतःलाच ईमेल करून. पावसाळ्यात कात्रणांना वाळवी लागते, म्हणून त्यांचे फोटो आधी काढा. जुनं लिखाण सुधारत बसू नका. ज्यांना मी हे सांगितलं त्यांतले बरेचजण इथंच महिनोन्‌महिने अडकले आणि नवीन ओळ लिहिलीच नाही.

४. नोंदवही: हातात बसलेली दुसऱ्यांची वाक्यं काढून टाका

आता मुख्य काम. छोट्या वहीत रोज एक नोंद करायची. चार-पाच ओळी, फार तर अर्धं पान. हा लेख नव्हे, कुणाला दाखवायचाही नाही. ज्या दिवशी दोनच ओळी होतील त्या दिवशी दोन.

नोंद कशी हवी, हे उदाहरणानं सांगतो. पाऊस लांबलाय आणि रोवणी अडली आहे. कामाचं लिहिणाऱ्या हाताला सुचणारं पहिलं वाक्य असं असेल:

‘पावसाने दडी मारल्यामुळे बळीराजा चिंतातुर झाला असून रोवणीची कामे खोळंबली आहेत.’

व्याकरणात काही चूक नाही. बातमीला, अहवालाला, माहितीपत्रकाला ते चालतं. पण ते कुणीही, कुठल्याही गावात, कुठल्याही वर्षी लिहू शकतं. ते लिहिताना घराबाहेर डोकावण्याचीही गरज पडत नाही. त्याच सकाळची नोंद अशी होऊ शकते (बोडी म्हणजे लहान तळं, गुंड म्हणजे पाण्याचं भांडं, बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा):

‘जुलै, सकाळी सहा, बोडीजवळ. शेजारच्या काकूंनी गुंडानं पाणी आणून पऱ्ह्यांवर शिंपलं. बोडीचं पाणी गुडघ्याच्या खाली, म्हशी बसतात तिथं नुसता चिखल. पऱ्ह्यांचा कडेचा पट्टा पिवळा, मधला अजून हिरवा. काकू म्हणाल्या, मधला वाचला तरी अर्धी बांधी होते.’

चिंता हा शब्द यात कुठंच नाही. तरी काकूंचा हिशेब वाचणाऱ्याला कळतो: त्यांनी अर्धं पीक मनातल्या मनात सोडून दिलंय आणि उरलेल्यासाठी पाणी वाहताहेत. हे तुम्ही पाहिलं म्हणून लिहिता आलं. तुमचं लिखाण परत मिळवायचं म्हणजे हे पाहणं परत मिळवायचं.

नोंदीचे नियम थोडे आहेत, पण ते पाळाच.

तारीख, वेळ, जागा आधी लिहा. दोन वर्षांनी वही उघडाल तेव्हा याच तीन गोष्टींमुळे बाकीचं आठवेल.

एका नोंदीत एकच गोष्ट. बाजारातून आलात तर अख्खा बाजार लिहू नका. तोल झाल्यावर काट्याकडे परत परत बघणारी एक बाई लिहा.

माणसाचं बोलणं त्याच्या तोंडी होतं तसं उतरवा. आपण प्रमाण मराठीत काम करून एवढे सरावलेलो असतो, की आजीचं वाक्य वहीत येईपर्यंत शाळेच्या पुस्तकातलं होतं. बांधी, धुरा, बोडी, सांदवाडी हे शब्द तुमच्या घरात रोज वापरले जात असतील तर तेच लिहा. बदल करायचाच असेल तर तो लेखाच्या वेळी करता येतो. नोंदीत एकदा गेलेला शब्द मात्र परत येत नाही.

मत शेवटी, आणि एकाच ओळीत. सुरुवातीचा महिनाभर तेही नको.

आणखी एक युक्ती. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या पैशाच्या कामात सारखे येणारे दहा शब्द लिहून ठेवा. माझ्या पानावर ‘सदर’, ‘अनुषंगाने’, ‘सर्वांगीण’, ‘महत्त्वपूर्ण’, ‘आगळावेगळा’ असे शब्द आहेत. नाटकं लिहिणाऱ्याच्या पानावर ‘नियती’, ‘काळीज’, ‘रक्ताचं नातं’ येतील. त्या त्या कामात हे शब्द लागतात आणि तिथं ते वापरावेतच. या वहीत ते येऊ द्यायचे नाहीत. एखादा शब्द अडवला की त्याच्या जागी काय लिहायचं हे शोधावं लागतं, आणि त्या शोधात आपलं वाक्य सापडतं.

आठवडी बाजाराच्या संध्याकाळी त्या आठवड्याच्या नोंदी वाचा. ज्या नोंदीपाशी मन थांबेल तिच्या कडेला रेघ मारा. दुरुस्ती करू नका.

पहिले काही आठवडे नोंदी कोरड्या वाटतील. नाटकाच्या टाळ्याखाऊ संवादाची सवय असलेल्याला तर फारच. हा काळ सगळ्यांना जातो. त्यात नोंदी सजवायला लागलात तर परत पहिल्या जागी येता, म्हणून कोरडेपणा चालवून घ्या.

५. वेळ, जागा आणि लाईन

ग्राहकाचं काम उघडण्याआधी नोंद झाली पाहिजे. दिवसभर दुसऱ्याचं लिहिल्यावर रात्री डोळ्यांत काही उरत नाही. पहाटेची वीस मिनिटं पुरतात. ‘लेख’च्या महिन्यांत ती तासाभरावर न्या.

नोंद कागदावरच करा. लाईन जाते, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळला की दोन-दोन दिवस येत नाही, पावसात नेटवर्कही तसंच. फोनवर लिहायला घेतलं की ग्राहकाचा संदेश दिसतो आणि हात तिकडे जातो. वहीला यातली कुठलीच अडचण नाही.

घरच्यांना सांगून ठेवा. ‘काही काम नाही वाटतं’ असा समज वही घेऊन ओसरीवर बसलेल्या माणसाबद्दल लगेच होतो. मी अमुक वेळ लिहीत असतो, त्यानंतर कोठ्यातलं (गोठ्यातलं) काम माझं, एवढं स्पष्ट बोललं की घर साथ देतं.

पैशाचं काम स्वतःच्या लिखाणासाठी सोडू नका. निदान पहिलं वर्ष तरी नाही. घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की सर्वांत आधी ही वही बंद होते. हवं तर होळी ते मृग या काळात एखादं नवं काम नाकारा, तेही ग्राहकाला आधी कळवून.

६. नोंदींवरून लेख

रेघा मारलेल्या नोंदी मोठ्या वहीत उतरवा. त्यांतल्या तीन-चार एकाच गोष्टीभोवती फिरताना दिसतील. तिथं लेख आहे.

समजा तुमच्याकडे मार्च-एप्रिलातल्या, मोहाची फुलं वेचण्याच्या नोंदी आहेत. एकीत झाडाखालचा पाला झाडून केलेली साफ जागा. दुसरीत टोपली घेऊन उजेडाची वाट बघत दारात बसलेली म्हातारी. तिसरीत पाच-सहा जणी मोठमोठ्यानं बोलत एकत्र निघालेल्या. चौथीत अंगणात वाळत घातलेला मोह आणि व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव. या चार नोंदींना एक प्रश्न विचारा. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ वाढले. अंधारात मोहाखाली एकट्यानं जाऊ नका असं वनविभाग सांगतो. मग पहाटेचं हे काम उजेडावर गेल्यानं त्या घराचं काय बदललं? उत्तरासाठी त्या म्हातारीशी बोलायला जावं लागेल. जा. परत येऊन लिहा. आठशे ते हजार शब्द पुरेत.

पहिला खर्डा एका बैठकीत पूर्ण करा आणि दोन दिवस बाजूला ठेवा. मग मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य तोडा. जिथं आपण भाषण देतोय असं वाटेल तो परिच्छेद काढा. तो बहुधा शेवटचा असतो.

इथं एक गोष्ट फार जपायची आहे. शहरातल्या लेखकाचं पात्र गर्दीत हरवतं. आपल्या गावात नाव बदललं तरी घर ओळखू येतं, आणि छापून आलेला लेख व्हॉट्सॲपवरून संध्याकाळपर्यंत त्या घरी पोचतो. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना पाठवण्याआधी वाचून दाखवा. कर्ज, आजारपण, पोरीचं मोडलेलं लग्न, वाघानं नेलेला माणूस यांबद्दल त्या घराच्या होकाराशिवाय ओळही छापायला देऊ नये. घरच्यांनी नको म्हटलं तर ती नोंद वहीतच राहू द्या. वाचून दाखवताना लोक आपण न पाहिलेल्या गोष्टी सांगतात, आणि लेख त्यामुळे चांगलाच होतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

७. पाठवणं

पहिली जागा गावातलं किंवा तालुक्याचं वाचनालय. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे खेड्यांतही ‘ड’ वर्गाची का होईना, वाचनालयं उभी राहिली. तिथं बसून मागच्या दोन-तीन वर्षांचे दिवाळी अंक चाळा. कोणता अंक ललित लेख छापतो, किती शब्दांचे, गावाकडचं किती घेतो, हे त्याशिवाय कळत नाही. मराठीत १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि नव्या माणसाला शिरायला ती आजही बरी जागा आहे. लेख मे-जूनपर्यंत तयार ठेवा. ऑगस्टनंतर बहुतेक अंकांची पानं भरलेली असतात.

विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून काम करतो आहे आणि ‘युगवाणी’ हे त्याचं नियतकालिक आहे. झाडीबोलीत लिहीत असाल तर झाडीबोली साहित्य संमेलनांना जा. तिथं वाचायला मिळतं आणि आपली भाषा बोलणारे श्रोते भेटतात. आकाशवाणीच्या नागपूर आणि चंद्रपूर केंद्रांनाही ललित वाचनाबद्दल पत्र लिहून विचारा. पहिल्या पुस्तकाइतका मजकूर जमला की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात कधी निघते, त्यावर लक्ष ठेवा. तोवर घाई नको.

लेख युनिकोडमधल्या वर्ड फाइलमध्ये पाठवा. पीडीएफ पाठवली तर संपादकाला मजकूर परत टंकावा लागतो. ईमेलमध्ये चार ओळी पुरेत: लेख कशाबद्दल, शब्दसंख्या, पूर्वी कुठंही छापलेला नाही, आणि तुमचा फोन नंबर. एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी. दीड-दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर विनयानं विचारा आणि मग दुसरीकडे द्या.

पैशाबद्दल विचारायला लाजू नका. मानधन किती, अंकाची प्रत मिळेल का, हे आधी विचारलेलं चालतं. पॅन दिला असेल तर व्यावसायिक मानधनावर साधारणतः १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला जातो आणि पॅन नसेल तर २० टक्के. एका ठिकाणहून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच मिळत असेल तर १ एप्रिल २०२५ पासून तो कापण्याची गरज राहिलेली नाही. कापला गेलाच तर आयकर पोर्टलवर जमा दिसतो का ते बघा; विवरणपत्र भरलं की परतावा मिळू शकतो.

आता सापळे. ‘प्रातिनिधिक संग्रहात निवड झाली, सहभाग शुल्क भरा’ असा संदेश आला की तिथंच थांबा. तुमचा लेख तुमच्याच पैशानं छापून, पाच प्रती तुम्हालाच विकून, वर सन्मानपत्र देणारे खूप आहेत. पुरस्कारासाठी प्रवेश फी, फोटोसाठी वेगळी फी, समारंभाच्या जेवणासाठी वेगळी, हाही तोच प्रकार. ज्यांना आपलं लिखाण हवं असतं ते पैसे मागत नाहीत. दुसरा सापळा स्पर्धांच्या नियमांत असतो: ‘आलेल्या सर्व साहित्याचे हक्क आयोजकांकडे राहतील.’ जिंकलात किंवा हरलात तरी लेख गेला. पायरी २ मध्ये शिकलेलं इथं वापरा.

८. हंगाम आला की

मृग लागला की लेख थांबवा आणि नोंदी चालू ठेवा. अर्धवट लेख असेल तर शेवटच्या पानावर पुढचं वाक्य काय असणार होतं ते लिहून वही बंद करा. हे वाक्य लिहिलेलं नसेल तर होळीनंतर धागा हाती यायला फार दिवस जातात.

रोवणीच्या आणि कापणीच्या आठवड्यांत नोंद एका ओळीची झाली तरी चालेल. मध्ये काही दिवस सुटले तर त्यांची भरपाई करू नका. ज्या दिवशी वही हातात येईल त्या दिवसाची तारीख घालून लिहा. नाटकांच्या दिवसांत रात्रभर जागरण असेल तर परतीच्या गाडीत नोंद करा. मंडपामागं, रंगपटात, पहाटेच्या चहाच्या टपरीवर जे दिसतं ते पुढच्या उन्हाळ्यातल्या लेखांचं अर्धं भांडवल असतं. प्रयोगातल्या कलाकारांबद्दल लिहितानाही पायरी ६ मधला होकाराचा नियम लागू आहे.

होळीनंतरच्या पहिल्या मोकळ्या सकाळी वर्षभराच्या वह्या काढा, रेघा मारलेल्या नोंदी मोठ्या वहीत उतरवा, पायरी १ चा कागद पुढच्या वर्षासाठी नव्यानं मांडा आणि पायरी ६ पासून कामाला लागा.